‘पुन्हा इंजेक्शन? म्हणजे गुण नाहीच!’

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं: “डोळ्यात परत इंजेक्शन सांगितलंय, म्हणजे आधीचं वायाच गेलं ना?”

पन्नाशीतले एक गृहस्थ पुढच्या इंजेक्शनला गेलेच नाहीत, म्हणून मुलगी त्यांना घेऊन आली. पहिल्या भेटीत ते फक्त सुईबद्दल बोलले. मी घाई केली नाही. बोलून दाखवलेल्या भीतीखाली बहुतेक वेळा दुसरीच भीती दबलेली असते, असं मी मानते आणि त्यावर माझा भरवसा आहे.

पुढे कधीतरी विचारलं, “तुमच्या डोळ्यात काय चाललंय असं तुम्हाला वाटतं?”

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, “वर्षानुवर्षं शुगरकडे दुर्लक्ष केलं. आता आटोक्यात आणली, तरी नव्या रक्तवाहिन्या उगवतातच. शिक्षा आहे ही, मॅडम. सुईने शिक्षा टळते का?”

म्हणजे सुईचं दुखणं नव्हतंच. उपचार घेण्याचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही. शरीरात काय घडतंय ते नीट सांगावं लागतं.

मी सांगितलं, वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात आणि काही केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात. तिथल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो. मग त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात: ‘इकडे रक्त पाठवा’ अशी हाकच ती. हाक ऐकून नव्या वाहिन्या उगवतात, पण नाजूक. त्या गळतात, फुटून डोळ्यात रक्त सांडतात. असा काही पदार्थ असावा, हा अंदाज नेत्रतज्ज्ञ मायकेलसन यांनी १९४८ मध्येच मांडला होता; १९९४ मध्ये व्हीईजीएफ रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवात प्रत्यक्ष मोजलं गेलं.

“म्हणजे पडदा जगायची धडपड करतोय?” त्यांनी विचारलं.

“हो.”

त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले. “मला वाटायचं, तो माझ्यावर उलटलाय.”

त्या भेटीत मी आणखी काही समजावलं नाही. गरजच नव्हती. अपराधीपणाच्या जागी त्यांना स्वतःच्या डोळ्याविषयी कणव वाटली, आणि उपचारांची वाट तिथूनच मोकळी झाली.

पुढच्या वेळी प्रश्न त्यांनीच काढला: मग परत परत का? इंजेक्शन ते प्रथिन बांधून ठेवतं, पण औषध काही आठवड्यांत ओसरतं. बंद केशवाहिन्या उघडत नाहीत, म्हणून हाक पुन्हा सुरू होऊ शकते. लेसरने पडद्याच्या कडेच्या भागाची ऑक्सिजनची गरज कमी करता येते. कोणाला काय लागेल ते पडद्याचे डॉक्टर ठरवतात. पुढचं इंजेक्शन ठरलेलं असणं म्हणजे आधीचं फुकट जाणं नव्हे.

शुगर सांभाळायचीच. टाइप १ मधुमेहाच्या १९९३ मधल्या मोठ्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने पडद्याचा हा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. मात्र खूप वाढलेली शुगर झपाट्याने उतरली, तर पडदा काही काळ अधिक बिघडू शकतो, म्हणून त्या दिवसांत तपासणी चुकवू नका. दिसतंय व्यवस्थित, म्हणूनही चुकवू नका. आणि अचानक काळे ठिपके वाढले, नजरेसमोर सावली आली किंवा इंजेक्शननंतर डोळा लाल होऊन दुखू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.