चार दिवसांत पेपर परत आला, पीएचडी सोडू का?

प्रश्न: सर, मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिला रिसर्च पेपर एका मोठ्या जर्नलला पाठवला, चौथ्या दिवशी 'स्कोपमध्ये बसत नाही' म्हणून परत. संशोधन आपल्याला जमणार नाही असं वाटायला लागलंय. आता एकदम दोन-तीन ठिकाणी पाठवू का? एका जर्नलचा मेलपण आलाय, पैसे भरा, सात दिवसांत छापतो म्हणे.

उत्तर: अरे थांब जरा, पीएचडी कुठे सोडतोस लगेच! तुझा पेपर अजून तपासायलाच गेला नव्हता. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात, एडिटर स्वतःच चाळतो, विषय आमच्या वाचकांचा आहे का, नवीन काय सांगतोय, नियम पाळलेत का, सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्यांच्या मजकुराशी किती जुळतंय, आणि हे बरंचसं टायटल, अ‍ॅबस्ट्रॅक्ट, कव्हर लेटरवरूनच ठरतं. मोठ्या जर्नलमध्ये ढिगाने पेपर इथेच गळतात. चार दिवसांत कळलं हे बरंच झालं म्हणायचं, काहींना सहा महिने ताटकळून नकार मिळतो.

खरी तपासणी त्यापुढे. त्याच विषयातले साधारण दोन-तीन रिव्ह्यूअर, बहुतेक फुकट काम करणारे, म्हणून तर वेळ लागतो. कुठे त्यांना तुझं नाव दिसतं, कुठे तुला आणि त्यांना एकमेकांचं नाव कळत नाही. ते बघतात की या पद्धतीने प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं का, आणि निष्कर्ष डेटाला धरून आहे का. नवीन मुलं इथेच मार खातात, डेटा एवढासा आणि दावा आभाळाएवढा! शेवटचा निर्णय मात्र एडिटरचा, रिव्ह्यूअरची मतं मोजून ठरत नाही ते. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठव, असं आलं की मुलं तोंड पाडून येतात आणि मी अभिनंदन करतो, कारण दार उघडं आहे ना अजून. प्रत्येक कॉमेंटखाली काय बदललं, कुठल्या पानावर, हे लिहायचं, पटलं नसेल तर कारण देऊन तसं सांगायचं, चिडायचं नाही.

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्जचा १९६४ मधला दुसरा पेपरसुद्धा एका जर्नलने नाकारला होता. त्याने नवीन कणाबद्दलचा भाग वाढवला, दुसऱ्या जर्नलला पाठवला आणि तो छापून आला. त्याच कणाला आज हिग्ज बोसॉन म्हणतात, आणि २०१३ मध्ये नोबेल.

एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अजिबात नको. सापडलास तर पेपरपण जाईल आणि नावपण. एकीकडून नकार आला की मगच दुसरीकडे. तुझ्या रेफरन्सेसमध्ये कुठल्या जर्नलचे पेपर जास्त आहेत ते मोज, त्यातलं एक निवड, त्याचे मागचे दोन-तीन अंक वाच आणि गाईडशी बोल.

राहिला तो मेल. चांगली ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सपण (जी कुणालाही फुकट वाचता येतात) लेखकाकडून पैसे घेतात, पण तपासून स्वीकारल्यावर. २०१३ मध्येच 'सायन्स' या जर्नलसाठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका असलेला बनावट पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्सना पाठवला, १५७ जणांनी तो चक्क स्वीकारला! पैसे घेऊन न तपासता छापणाऱ्या अशा जर्नलमध्ये एकदा छापलास की तोच पेपर दुसरीकडे देता येत नाही, दोन वर्षांची मेहनत गेली. त्या मेलला 'नको' असंही उत्तर देऊ नकोस, नाहीतर रोज यायला लागतील.