पेटीवरचा हात लॅपटॉपवर आणताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या इंदिरानगरला राहता, बारा वर्षं भजनाला पेटी वाजवताय, आता मित्रांच्या एकांकिकांना लॅपटॉपवर पार्श्वसंगीत करायचंय. व्हायोलिनचा ताफा, बासरी, पियानो असे आवाज हवेत आणि हाताशी पंधरा हजार आहेत. एकाने पॅडवाला (ताल वाजवायच्या रबरी बटणांचा) २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडायचा कीबोर्ड, सुचवलाय, दुसरा म्हणतो ६१च्या खाली बघूच नका, आणि घरचे विचारतात की त्यापेक्षा आवाज असलेला कीबोर्डच का घेत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. पूर्ण आकाराच्या ४९ पट्ट्या, डाव्या बाजूला दोन खरी फिरणारी चाकं, मागे सूर लांबवणारं पेडल लावायची सोय. एवढं असलं की पुरे. पॅड, नॉब, रंगीत दिवे नसले तरी तुमचं काही अडणार नाही. हे मी सगळ्यांना सांगणार नाही, तुम्ही पेटीवाले आहात म्हणून सांगतोय.

मिडी कंट्रोलरच्या पोटात आवाज नसतो. मिडी ही १९८३ साली ठरलेली एक सांकेतिक भाषा आहे. तुम्ही पट्टी दाबलीत की कंट्रोलर लॅपटॉपला एवढंच कळवतो: कुठली पट्टी, किती जोराने, आणि कधी सोडली. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे आकडा ६०. जोर १ ते १२७ या आकड्यांत जातो, त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. व्हायोलिन वाजतं ते लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरमधून. त्यामुळे महागडा कंट्रोलर घेतला म्हणून व्हायोलिन गोड होत नाही. पैसे मोजायचे ते बोटाखाली पट्टी कशी लागते आणि हातातला भाव आकड्यांत किती नीट उतरतो, यासाठी.

आता पेटीकडे येऊ. पेटीवाल्याचा भाव असतो कुठे? उजव्या हाताने पट्टी हळू दाबा नाहीतर आपटा, सूर तेवढाच निघतो. सूर भरणं, ओढणं, शेवटी विरवत नेणं, हे सगळं डावा हात भात्यावर करतो. पियानोचं नेमकं उलटं आहे. तिथे एकदा बोट पडलं की सूर मोठा की लहान याचा निकाल लागला, नंतर काही करता येत नाही. म्हणून पियानोचा आवाज लावून वाजवायला बसलात की पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल की कीबोर्ड बिघडलाय, एक सूर किंचाळतोय आणि पुढचा ऐकूच येत नाही. बिघाड काही नसतो. बारा वर्षं ज्या बोटांना जोराचा हिशेब कोणी विचारला नाही, त्यांना तो आता द्यावा लागतो. महिनाभर रोज अर्धा तास पलटे वाजवा आणि पडद्यावर व्हेलॉसिटीचे आकडे बघत बसा. सगळे सूर ६० ते ७०च्या दरम्यान पडायला लागले की हात बसला समजा.

तुमच्या डाव्या हाताला मात्र आधीपासून येतं ते लाखमोलाचं आहे. वाद्यवृंदाच्या सॉफ्टवेअरमध्ये तंतुवाद्यांचे आणि फुंकवाद्यांचे लांब सूर सहसा पट्टीच्या जोरावर फुगत नाहीत. त्यांची तीव्रता बहुतेक ठिकाणी मॉड्युलेशनच्या चाकावर ठेवलेली असते, म्हणजे मिडीच्या भाषेत सीसी १ (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, चाक-नॉबसारख्या गोष्टींचा क्रमांक). बाकी आवाजाची चढउतार एक्सप्रेशनवर, म्हणजे सीसी ११वर. सूर धरून ठेवायचा आणि चाक हळूहळू वर न्यायचं, की गज जोरात ओढल्यासारखा ताफा उसळतो. खाली आणलं की श्वास सोडल्यासारखा बसतो. हा भाताच आहे! पियानो शिकून आलेल्या मुलांना हे समजवायला मला खूप वेळ लागतो. त्यांचा डावा हात सारखा स्वर वाजवायला धावतो. भजनाच्या पेटीवाल्याला एकदा दाखवलं की पुरतं. तुमची खरी कमाई या चाकावर उतरणार आहे, म्हणून कंट्रोलर निवडताना पट्ट्यांच्या आधी मी डावी बाजू बघायला सांगतो.

तिथे काय असतं ते नीट बघा. अकाईच्या एमपीके मिनीच्या बऱ्याच आवृत्त्यांवर चाकांऐवजी एक छोटी काडी असते. रोलँडच्या ए-४९वर दोन्ही कामांना मिळून एकच दांडी आहे. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या आहेत, पण बोट काढलं की परत मध्यावर येतात. अर्ध्या भात्यावर सूर धरून डावा हात दुसऱ्या कामाला न्यायचा म्हटलं तर जमत नाही. आर्टुरियाच्या मिनीलॅबवर स्पर्शाच्या पट्ट्या आहेत. त्यावर बोट सरकतं, पण हाताला अडसर नसल्यामुळे किती वर आलो ते बघितल्याशिवाय कळत नाही. चाक असलं की अंगठ्याला कळतं, आणि ठेवाल तिथे ते राहतं.

दुसरं चाक पिचचं. ते सोडलं की मध्यावर परत येतं आणि तसंच यायला हवं. पेटीवर आयुष्यभर न मिळालेली मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, इथे मिळते. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये चाक पूर्ण ढकललं तर सूर दोन अर्धस्वर सरकतो, म्हणजे सा वरून शुद्ध रे. गंधारावरून पंचमावर जायचं तर ती मर्यादा सेटिंगमध्ये वाढवावी लागते. बासरीला मी तीनवर ठेवतो. जास्त वाढवली तर चाकाच्या जराशा हालचालीने सूर घसरतो.

पट्ट्या किती, याचा हिशेब. साडेतीन सप्तकांच्या पेटीची सवय असलेल्याला ४९ म्हणजे चार सप्तकं घरासारखी वाटतात. २५ म्हणजे जेमतेम दोन. उरलेलं सप्तकाच्या बटणावर चालवायचं, ते दाबलं की सगळ्या पट्ट्या एक सप्तक वर किंवा खाली सरकतात. मी पहिला घेतला तो असाच होता, २५ बारक्या पट्ट्यांचा. प्रवासाला सोपा पडेल असं वाटलं होतं. राज्य नाट्य स्पर्धेच्या एका नाटकाला संगीत देत होतो आणि साईखेडकर नाट्यगृहात रंगीत तालीम चालू होती. आईच्या प्रवेशाला मंद्रातली, खालच्या सप्तकातली, बासरी येणार होती. आधीच्या प्रसंगात दाबलेलं सप्तकाचं बटण मी परत खाली आणायला विसरलो आणि बासरी तारात, वरच्या सप्तकात, चिरकली. त्या नटीचं वाक्य तिथेच तुटलं. तालीम होती म्हणून निभावलं, पण तिच्या चेहऱ्यावरचा उतरलेला भाव मला अजून आठवतो. पुढच्या आठवड्यात मी ४९चा घेतला. बारक्या पट्ट्यांचा आणखी एक तोटा आहे. पेटीवर पुरेशी रुंद पट्टी मिळालेली बोटं तिथे एकमेकांवर चढतात. दुकानात फूटपट्टी न्या. पूर्ण आकाराच्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरतात. घरी पेटीवर मोजा आणि तिथे मोजा.

मग ६१ का नको? नको असं नाही. दोन्ही हातांनी पियानो वाजवायचा असेल तर ६१ घ्याच. आणखी एका बाबतीत ते कामी येतात: वाद्यवृंदाच्या मोठ्या संचांमध्ये खालच्या काही पट्ट्यांना सूर नसतो, त्या दाबून वादनाची तऱ्हा बदलते, लांब गज, तुटक गज, बोटांनी छेडलेली तार अशी. ४९वर त्या पट्ट्या हाताखाली येत नाहीत, सप्तक सरकवावं लागतं. पण तुम्ही तालमींना दुचाकीवरून जाणार. ४९मध्ये नुसत्या पट्ट्यांची लांबी ६८ सेंटिमीटर, ६१मध्ये ८५. चाकं आणि कडा धरून त्यात आणखी भर. सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, चौकात संध्याकाळी सहाला पाठीवर एवढी लांब पिशवी घेऊन थांबून बघा, म्हणजे सतरा सेंटिमीटरचं वजन कळेल. ८८ जड पट्ट्यांचा विचार पियानो शिकत असाल तरच करा.

नावं घेऊन सांगायचं तर एम-ऑडिओचा कीस्टेशन ४९ आणि नेक्टरचा इम्पॅक्ट जीएक्स ४९ हे दोन आधी बघा. साधे आहेत, चाकं आहेत, पेडल लागतं. थोडे पैसे वाढवता आले तर आर्टुरियाचा कीलॅब इसेन्शियल ४९, त्याच्यासोबत अ‍ॅनालॉग लॅबचे भरपूर आवाज मिळतात. बाहेरून येणारा माल आहे, किमती हलत राहतात, म्हणून आकडे लिहीत नाही. पण पंधराच्या पंधरा हजार कंट्रोलरवर घालवू नका. का, ते सांगतो.

तुमच्यासारख्याची खरी निराशा पट्ट्यांत होत नाही, उशिरात होते. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत लॅपटॉप थोडा वेळ खातो. विंडोजवर नेहमीच्या सेटिंगला हा वेळ सहज जाणवतो. सॉफ्टवेअरमध्ये बफर नावाचा आकडा असतो, आवाजाचे किती नमुने एकदम साठवून पुढे पाठवायचे तो. ४४,१०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढे नमुने असताना, १०२४चा बफर ठेवला तर नुसत्या त्याचेच २३ मिलिसेकंद जातात. आवाज हवेतून तेवढ्या वेळात आठ मीटर जातो. म्हणजे पेटी तुमच्यासमोर आणि तिचा आवाज आठ मीटर लांबून आल्यासारखा, अशी ती भावना. ठेका हमखास मागे पडतो. बफर १२८वर आणला तर तीन मिलिसेकंद राहतात, ड्रायव्हरचा वेळ धरूनही हाताला खटकत नाही. त्यासाठी आधी एएसआयओ४ऑल हा फुकटचा ड्रायव्हर टाकून बघा. त्यावर कडकड आवाज आला तर उरलेल्या पैशांत एक साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाजाचं काम लॅपटॉपबाहेर करणारी डबी, घ्या. ब्लूटूथ हेडफोनवर वाजवायचा विचार मात्र सोडून द्या, त्यात उशीर इतका असतो की चांगला वादकही बेताल वाटतो. तारेचाच हेडफोन हवा.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा म्हणता, सुरुवातीला चालेल, पण हार्ड डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल तर एसएसडी बसवून घ्या. रेकॉर्डिंगला रीपर घ्या, ६० दिवस वापरून बघता येतं. आवाजांसाठी लगेच खर्च नको. स्पिटफायरचं लॅब्स आणि बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर फुकट आहेत. डिस्कव्हर हलकं आहे आणि त्यात चाकाचा भाता लगेच हाताला लागतो. सिंथसाठी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घडवलेल्या आवाजांसाठी, व्हायटल किंवा सर्ज एक्सटी. सर्जमध्ये सुरांच्या जागा बदलता येतात, ज्याला भैरवातला ऋषभ पेटीपेक्षा खाली हवा असतो त्याने तो लावून बघावा. मला त्याचं फार वेड आहे.

गाण्याची पट्टी बदलायचं बटण (ट्रान्सपोज) जवळपास सगळ्या कंट्रोलरवर असतं. गाणारा काळी चारवर म्हणाला तरी तुम्ही पांढरी एकवरून वाजवू शकता. माझं ऐकाल तर ते वापरू नका. भजनात पट्ट्या फिरवून वाजवायची सवय तुम्हाला आहे, ती मोडू नका.

घरच्यांचा मुद्दाही योग्य आहे. घरात किंवा नातेवाइकांकडे आवाजाचा कीबोर्ड पडून असेल आणि त्याच्या मागे प्रिंटरला लागतं तसं चौकोनी यूएसबीचं भोक असेल, तर नवं काही न घेता महिनाभर तोच लॅपटॉपला जोडा. फक्त पट्ट्या जोर ओळखतात ना ते बघा, स्वस्त कीबोर्डांत ओळखत नाहीत. चाकही बहुधा नसतं. नवीनच घ्यायचं ठरलं तर त्याच पैशांत कंट्रोलर जास्त चांगल्या पट्ट्या देतो, कारण आवाज, स्पीकर, ताल यांचा खर्च त्यात नसतो. शिवाय त्याला वेगळी वीज लागत नाही. यूएसबीवरच चालतो, त्यामुळे पावसाळ्यात दिवे गेले तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम सुरू राहतं.

हात लावल्याशिवाय घेऊ नका. आपल्याकडच्या दुकानांत पेट्या आणि गिटार मांडलेल्या असतात, कंट्रोलर बहुतेक वेळा मागवून देतात. जमलं तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जा, सीएसएमटीहून धोबी तलाव चालत जाण्यासारखं आहे, तिथे वाद्यांची दुकानं आहेत. लॅपटॉप सोबत न्या. प्रत्येक पट्टी एकाच जोराने दाबत आकडे बघा. एखादी एकदम १२७ दाखवत असेल तर तो नग परत करा. काळ्या पट्ट्या अगदी आतल्या टोकाला दाबून बघा, स्वस्त बनावटीत त्या तिथे जड लागतात. पट्टी आडवी हलवून किती डुलते ते पाहा. आणि पट्ट्यांचा खटखटाट ऐका, कारण तुम्ही तालमीत नटांच्या शेजारी बसून वाजवणार.

जुना मिळत असेल तर जरूर घ्या, कंट्रोलर सहसा लवकर जुना होत नाही. त्यात मॉड्युलेशनचं चाक अगदी हळू खालपासून वरपर्यंत फिरवा आणि पडद्यावर आकडा ० ते १२७ सलग चढतोय का बघा. धूळ बसलेली असेल तर मध्येच उड्या मारतो, आणि मग व्हायोलिनचा ताफा भाता फाटल्यासारखा वाजतो. पेडल लावायचं ते कंट्रोलर चालू करण्याआधी, म्हणजे बऱ्याच कंट्रोलरना त्याची दिशा ओळखता येते. नंतर लावलं तर काही वेळा उलटं चालतं, पाय काढला की सूर लांबतो.