नवीन ड्रोन पुढे ढकलला की तिरका जातो. दुकानदार म्हणतो 'कॅलिब्रेट करा', म्हणजे ड्रोनचा कंपास नव्यानं जुळवा. सात-आठ वेळा केलं. आता काय करू?

आठ वेळा पुरे झालं. नवव्यांदा करू नका. तुमचा प्रश्न वाचून माझं डोकं परत तापलं, म्हणून रात्री साडेअकराला हे लिहीत बसलोय.

हिंगणघाट तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, तेरवी, पासपोर्ट फोटो, येईल ते काम. गेल्या वर्षी जानेवारीत नागपूरच्या एका दुकानातून २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतला. दुकान भाऊजींच्या ओळखीचं. भाऊजी म्हणाले, "कच्च्या बिलावर घे, चार हजार वाचते. मानूस आपला आहे." मी म्हटलं, पक्कं बिल पाहिजे. तिथंच काउंटरवर आमची जुंपली. शेवटी पक्कं बिल घेतलं आणि गाडीत दोघंही जाम चौरस्त्यापर्यंत बोललो नाही.

पहिल्या दिवसापासून पठ्ठ्या तिरका. रिमोटची स्टिक सरळ पुढे ढकलली की नाक समोर आणि अंग उजवीकडे, खेकड्यासारखा. मला वाटलं हाताला सवय नाही. आठ दिवस तसाच उडवला.

मग फेब्रुवारीत एक लग्न होतं. वरात निघाली, घोडीवर नवरदेव, पुढे डीजे. मी ड्रोन वीस मीटरवर नेला आणि वरातीच्या मागे लावला. रस्ता सरळ होता, पण हा रस्ता सोडून विजेच्या तारांकडे निघाला. मी स्टिक सोडली, तर जागेवर थांबायच्या ऐवजी घाण्याच्या बैलासारखा गोल फिरू लागला, आणि दर फेरीला गोल मोठा. घाबरून खाली घेतला तो बाजूच्या वावरात, पराटीत (कपाशीत). अर्धा तास शोधत होतो. सापडला तेव्हा दोन पंख्यांना कापूस गुंडाळलेला, एक सरकी मोटरच्या खाली अडकलेली. नखानं तार तार करून काढला तो कापूस, तोवर तिकडे मंगलाष्टकं झाली. आणि मांडवात भाऊजी, चार पाहुण्यांच्या मधात उभे राहून: "काहून बे, उडवता येत नाही तर घेतला कायले?"

लोक हसले. माझे हजार रुपये कापले ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं नागपूर गाठलं. दुकानातल्या पोरानं ड्रोन चालू केला, काउंटरच्या बाजूला कमरेएवढा उंच उभा केला. दगडासारखा स्थिर. "सर, एकदम ओके आहे, कॅलिब्रेट करत जा." परत आलो. वावरात उडवला, तिरका. परत नागपूर, परत दगडासारखा स्थिर. मला वाटायला लागलं की मीच वेडा आहे.

इथं खरी गोम आहे, नीट वाचा. दुकानात छताखाली जीपीएस नसतं. तिथं ड्रोन पोटाखालच्या कॅमेऱ्यानं फरशी पाहून उभा राहतो, त्याला दिशा माहीत असायची गरजच नाही. वर गेला, जमीन लांब पडली, की तो जीपीएस आणि कंपासवर चालतो. जीपीएस सांगतं कुठे आहेस, कंपास सांगतो तोंड कुठे आहे. कंपास पंधरा अंश खोटं बोलला तर ड्रोन 'पुढे' म्हणून पंधरा अंश बाजूला जातो, आणि त्याला वाटतं आपण सरळच आहोत. खोटं फार वाढलं की जागेवर थांबायला जाताना तो गोल गोल घुमतो. म्हणजे काउंटरवरच्या टेस्टनं काहीच सिद्ध होत नाही. दुकानदाराला हे कळत नसेल असं मला वाटत नाही.

मग मी घरच्या वावरात गेलो. वेचणी झाली होती, पराटी उभी होती. आमचे तास, म्हणजे पराटीच्या ओळी, चार-चार फुटांवर, पूर्व-पश्चिम, बाबांनी दोरी धरून टोबलेले. विहिरीपासून, टिनाच्या शेडपासून लांब, मोकळ्यात जाऊन कॅलिब्रेट केलं. बारा मीटर वर नेला, कॅमेरा सरळ खाली केला आणि नाक तासाला लावलं, स्क्रीनवर तास उभे दिसेपर्यंत. मग फक्त पुढे, ५० मीटर. व्हिडिओ घरी लॅपटॉपवर लावून मोजला: पराटीचे बारा तास ओलांडले होते. बारा चोक अठ्ठेचाळीस फूट. ५० मीटर म्हणजे १६४ फूट, त्यात ४८ फूट उजवीकडे. सोळा-सतरा अंशांची चूक. शाळेतला कोनमापक आयुष्यात पहिल्यांदा कामाला आला.

दुकानदार म्हणाला, "वारा असेल." म्हणून हेच चारही बाजूंना तोंड करून केलं. वारा असता तर ड्रोन दर वेळी वाऱ्याच्याच बाजूला गेला असता, तोंड कुठंही असो. माझा दर वेळी स्वतःच्या उजवीकडे जात होता. पूर्वेला तोंड तर दक्षिणेला, पश्चिमेला तोंड तर उत्तरेला. याला वारा म्हणत नाहीत. तुम्हीही हेच करा, सकाळी लवकर, हवा पडलेली असताना. अॅपमधल्या नकाशावरचा बाण आणि प्रत्यक्ष नाक जुळतं का तेही पाहा. फक्त व्हिडिओच तिरका दिसत असेल आणि ड्रोन डोळ्यांना सरळ जाताना दिसत असेल, तर कॅमेऱ्याचा गिंबल (कॅमेरा धरून ठेवणारा भाग) फिरलाय. ती दुसरी भानगड.

व्हिडिओ, बिल नंबर, सीरियल नंबर, दोन फेऱ्यांच्या तारखा, सगळं एका कागदावर लिहून व्हॉट्सअॅपवर आणि पोस्टानं पोचपावतीसह दुकानदाराला पाठवलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. दुकानदाराचा फोन आला, सूर बदललेला. "तुम्ही धंद्यासाठी घेतला ना? मग ग्राहक कसले?" याचं उत्तर पाठ करून ठेवा: २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगारात वापरायला घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत. मी काही दहा ड्रोनची कंपनी चालवत नाही. आणि हेही सांगितलं की मी राहतो त्या जिल्ह्यातच, वर्ध्याला, ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, दोन वर्षांची मुदत आहे. अर्ज लिहून तयार होता. नवव्या दिवशी दुसरा ड्रोन मिळाला. आत नेमकं काय बिघडलं होतं ते कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नवीन ड्रोन तासातून सुतासारखा गेला.

आता भाऊजी चार लोकांत काय सांगतात? "माया ओळखीनं बदलून भेटला." अहो, ओळख होती तर मी दोन वेळा एस.टी.नं काय पंढरीला गेलो होतो? ओळखीच्या माणसानं मला दोन्ही वेळा हात हलवत परत पाठवलं. कच्चं बिल असतं तर आयोगात काय, पोस्टाच्या पाकिटात घालायलाही काही नव्हतं. ओळखीवर चहा मिळतो. तोही पहिल्याच फेरीला मिळाला, दुसऱ्या फेरीला पाणीही नाही.

एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर कोणी तरी खाली लिहीलच. त्या लग्नात ड्रोन घाण्यासारखा फिरला त्यात माझीही चूक होती. वरात निघायच्या आधी घाईत मी डीजेच्या गाडीला टेकून कॅलिब्रेट केलं होतं. त्या स्पीकरच्या खोक्यांत केवढाले चुंबक असतात. सतरा अंशांचं किती झालं असेल देव जाणे. तेवढ्यापुरते भाऊजी बरोबर. म्हणून तुम्हीही आधी तपासा: स्लॅबवर केलं का (आत सळया), ट्रॅक्टरजवळ केलं का, हातात कडं, मोबाईलला चुंबकाचं कव्हर. यातलं काही असेल तर एकदा, फक्त एकदा, मोकळ्या वावरात परत करा. मग टेस्ट.

आणि तुम्ही बिलाचं काही लिहिलेलं नाही, म्हणून शंका येते. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी आहे, तरी ते बाजारात मिळतात. तुमचा तसाच, बिनबिलाचा असेल, तर वॉरंटी हा फक्त दुकानदाराच्या तोंडचा शब्द आहे आणि वरचं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही. वजन २५० ग्रॅमच्या वर असेल आणि लग्नाचे पैसे घेत असाल तर पायलटचं प्रमाणपत्रही लागतं, आयोगात जायच्या आधी ते बघा.

भाऊजी हे वाचतील तर वाचोत. बिल स्टुडिओतल्या कपाटात, वरच्या खणात आहे. पोचपावतीही त्यालाच टाचून ठेवली आहे.