शेतात सापडलेल्या शिशाच्या गोळ्या कशा ओळखाव्यात?

प्रश्न : जमीनमालकाच्या परवानगीने मेटल डिटेक्टर फिरवताना मला एकाच शेतात शिशाच्या तीन गोळ्या सापडल्या. तिन्हींवर पांढुरकी पुटे आहेत. एक गोल असून तिचे वजन ३१ ग्रॅम आहे, दुसरी चपटी झालेली असून २६ ग्रॅम भरते आणि तिसरी निमुळती, तळाशी पोकळ व तीन खाचांची आहे. या किती जुन्या असाव्यात? त्या घासून स्वच्छ केल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया घासू नका. पांढुरके पूट म्हणजे जमिनीत शिशावर हळूहळू जमलेले क्षार होत. ते खरवडले की साच्याची शिवण, ओतताना राहिलेल्या देठाची खूण आणि ठासणीच्या गजाचा ठसा या ओळख पटवणाऱ्या खुणाही त्याबरोबर जातात. साध्या पाण्यात मऊ ब्रशने माती काढणे एवढे पुरे आहे. शिसे विषारी असल्याने नंतर हात मात्र नीट धुवावेत.

चपट्या गोळीचा व्यास मोजून उपयोग नसतो, कारण आकार बदलला तरी वजन जवळपास तेवढेच राहते. म्हणून ग्रॅममधील वजनाचे घनमूळ काढून त्याला ५.५२ ने गुणल्यास मूळ गोल गोळीचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. आपली पहिली गोळी या हिशोबाने १७.३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि दुसरी १६.४ च्या. ब्रिटिशांच्या 'ब्राउन बेस' मस्केटची (गुळगुळीत नळीच्या लांब ठासणीच्या बंदुकीची) नळी सुमारे १९ मिलिमीटरची, तर फ्रेंच शार्लव्हिलची सुमारे १७.५ मिलिमीटरची होती. बारुदीच्या काजळीने नळी भरत गेली तरी गोळी चटकन ठासता यावी म्हणून ती मुद्दाम नळीपेक्षा लहान ओतत. त्यामुळे आपली पहिली गोळी ब्राउन बेसच्या आणि दुसरी शार्लव्हिलच्या मापात सहज बसते. मात्र एवढ्यावरून कोणत्या सैन्याचे नाव घेणे मला पटत नाही, कारण याच मापाच्या गोळ्या इतरही ठासणीच्या बंदुकांत वापरत. चपटेपणा बहुधा कशावर तरी आदळल्याचा असावा. पण गुरांनी किंवा डुकरांनी चावलेल्या गोळ्याही सापडतात, तेव्हा दातांचे खळगे दिसतात का ते भिंगाखाली पाहावे.

तिसरी गोळी वेगळ्या काळातली आहे. तळाची पोकळी बारूद पेटताच फुगे आणि गोळी नळीतील आट्यांना (आतून कोरलेल्या वळणदार खाचांना) घट्ट भिडून फिरत बाहेर पडे. फ्रेंच अधिकारी मिनिए यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. आपल्या वर्णनाची गोळी बहुधा १८५० नंतरची असावी. म्हणजे एकच शेत, पण गोळ्या दोन पिढ्यांच्या असू शकतात, आणि हेच मला यातले सर्वांत मोलाचे वाटते.

म्हणूनच प्रत्येक गोळी नेमकी कुठे आणि किती खोल सापडली हे आजच लिहून ठेवा व तिन्ही वेगळ्या पिशव्यांत ठेवा. लोखंडी पोकळ गोळा दिसल्यास मात्र हात न लावता पोलिसांना कळवा. आतली दारू शतकानंतरही स्फोट करू शकते. तिसऱ्या गोळीचे वजन, व्यास आणि तळाचे जवळून घेतलेले छायाचित्र पाठवल्यास तिचा साचा कोणत्या घडणीचा होता, याबद्दल अधिक सांगता येईल.