गोळी रोज घेऊनही टीएसएच का उतरत नाही?

प्रश्न : मी 34 वर्षांची असून नागपुरात राहते. गेल्या वर्षी मला हायपोथायरॉइडिझम (थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे) असल्याचे निदान झाले. तेव्हापासून थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी चहासोबत घेते. नाश्ता झाला की लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या घेते. तरीही या वेळी टीएसएच (थायरॉइड कमी पडला की रक्तात वाढणारे संप्रेरक) 9.2, म्हणजे चढाच आला. आता डोस वाढवावा लागेल का? पत्ताकोबी कायमची बंद कर, असे शेजारच्या काकू सांगतात, ते खरे का?

उत्तर : डोसचा विचार करण्याआधी, घेतलेल्या गोळीपैकी किती औषध प्रत्यक्ष रक्तात पोहोचते हे पाहायला हवे, आणि आपण सांगितलेला क्रम पाहता ते पुरेसे पोहोचत नसावे. लेव्होथायरॉक्सिन (आपल्या थायरॉइडच्या गोळीतील औषध) उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत, चहा-नाश्त्याच्या निदान अर्धा तास आणि शक्यतो तासभर आधी घ्यावे. लोह आणि कॅल्शियम या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात, त्यामुळे मधे 4 तासांचे अंतर लागते. त्या गोळ्या दुपारच्या जेवणावर न्याव्यात. अ‍ॅसिडिटीच्या काही औषधांचाही असाच अडथळा होतो.

आणखी एक गोष्ट विचारावीशी वाटते : डबी कुठे ठेवता? ही गोळी उष्णता, ओल आणि उजेड यांनी खराब होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, अशा वेळी गॅसजवळचा कप्पा किंवा गाडीची डिक्की ही तिची जागा नव्हे.

हा बदल केल्यानंतर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा. शरीरातील या औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे 7 दिवस लागतात आणि टीएसएच त्याहूनही सावकाश स्थिरावतो, म्हणून पंधरा दिवसांत केलेल्या तपासणीतून काहीच ठरत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर ते तपासणीच्या किमान 2 दिवस आधी थांबवावे; त्याने अहवाल चुकीचा येऊ शकतो.

पत्ताकोबीची शिजवलेली भाजी नेहमीच्या प्रमाणात खुशाल खावी. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर तेवढे पुरे.

एवढे करूनही टीएसएच चढाच राहिला, तर डोस वाढवणे योग्य ठरेल आणि ते आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. मात्र गर्भधारणेचा विचार असल्यास किंवा पाळी चुकली असल्यास इतके आठवडे न थांबता त्यांना लगेच भेटावे, कारण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते.