व्हॅलग्राइंडची (प्रोग्रॅममधल्या मेमरीच्या चुका शोधणारं टूल) वॉर्निंग खोटी आहे हे कसं ठरवायचं?

'अनइनिशियलाइज्ड बाइट्स'ची (किंमत न भरताच वापरलेली मेमरी) वॉर्निंग लायब्ररीच्या आत दिसतेय म्हणून ती खोटीच, असं लगेच धरू नका. डीबग सिम्बॉल्ससह बिल्ड करून 'ट्रॅक-ओरिजिन्स' चालू करा, म्हणजे ती मेमरी मुळात कुठून आली ते दिसतं. बऱ्याचदा मूळ आपल्याच मॅलॉकमध्ये (मेमरी मागणारं फंक्शन) सापडतं. स्ट्रक्टची फील्ड्स भरली, पॅडिंगचे (फील्ड्सच्या मधल्या रिकाम्या जागेचे) बाइट तसेच राहिले आणि आख्खा स्ट्रक्ट राइट कॉलला दिला, हा माझा नेहमीचा घोळ. आधी मेमसेटने सगळे बाइट शून्य केले की वॉर्निंग गप्प.

तरीही खोटीच ठरली, तर 'जेन-सप्रेशन्स'ने ती वॉर्निंग लपवणारा नियम काढून सप्रेशन फाइलमध्ये टाका. लायब्ररीच्या कोडला मात्र हात नको. डेबियन या लिनक्समध्ये २००६ साली अशी वॉर्निंग घालवायला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतल्या दोन ओळी काढल्या. २००८ मध्ये कळलं की गुप्त कीज बनवताना लागणाऱ्या रँडमनेसला उरला होता फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक), म्हणजे जेमतेम ३२,७६८ आकडे!