सगळ्यात वाईट शर्यतीची तयारी

पोरी,

शिडाच्या होड्यांच्या निवड चाचणीला नाव दिलंस, छान केलंस. उरलेल्या महिन्यांत वेगावर मेहनत घेऊ की स्टार्टवर, असं विचारलं आहेस. दोन्हींवर घे. पण त्याआधी गुणांचा तक्ता समोर घेऊन बस, कारण तुझ्या निकालांत मला वेगाची कमतरता दिसत नाही. दिसते ती वेगळीच गोष्ट.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतलं सेलिंग निंगबोजवळ शियांगशानला झालं. तिथे आपल्या नेहा ठाकूरने आयएलसीए ४ मध्ये (एकटीने चालवायची छोटी शिडाची होडी) रौप्य मिळवलं. ११ शर्यतींचे मिळून तिचे ३२ गुण (आपल्यात कमी गुणवाला पुढे), त्यातून सर्वांत वाईट शर्यत वजा करून २७. कांस्य मिळवणाऱ्या सिंगापूरच्या मुलीचे २८. नेहाची ती वजा झालेली शर्यत कितव्या क्रमांकाची होती, माहीत आहे? पाचव्या. म्हणजे अकरा शर्यतींत मुलगी एकदाही पाचव्याच्या खाली गेली नाही. त्याच पाण्यात आयएलसीए ७ मध्ये (तीच होडी, शीड मोठं) आपल्या विष्णू सरवणनला ३४ गुणांवर कांस्य मिळालं आणि कोरियाच्या हा जी-मिनला ३३ वर रौप्य. विष्णू तेव्हा टोकियो ऑलिंपिक खेळून आलेला, मुरलेला गडी. एका गुणाने एकीचं रौप्य राहिलं, एकाचं गेलं. हा एक गुण म्हणजे कुठल्या तरी शर्यतीत, शेवटच्या टप्प्यावर, एक होडी पुढे किंवा मागे. बाराव्या-तेराव्या नंबरावर चाललेली असताना तू हात सैल सोडतेस ना, तो गुण तिथेच सांडतो.

आपल्या खेळातले गुण म्हणजे उधारी. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, जितके कमी तितके बरे. आणि मालिकेत माफी एकाच शर्यतीला. पहिल्याच दिवशी इशाऱ्याआधी स्टार्टची रेषा ओलांडलीस आणि परत फिरली नाहीस, तर त्या शर्यतीचे तुला एकूण होड्यांपेक्षा एक जास्त गुण बसतात. ती माफ होईल हे खरं. पण मग तिसऱ्या दिवशी वारा पडून आलेला अकरावा नंबर माफ करायला काही उरत नाही. म्हणून माफीची शर्यत पहिल्या दोन दिवसांत खर्च करायची नाही, एवढं पक्कं ठरव. पहिले दोन दिवस रेषेवर अर्धी होडी मागे राहिलीस तरी मी काही बोलणार नाही. काळा झेंडा लागलेला असेल तर एक अख्खी होडी मागे राहा. काळ्या झेंड्याखाली स्टार्टआधीच्या शेवटच्या मिनिटात रेषेपलीकडे सापडलेली होडी स्टार्ट पुन्हा झाला तरी शर्यतीतून बादच असते.

स्टार्टबद्दल आणखी एक, आणि हे तुला मुंबईच्या पाण्याने आधीच शिकवलेलं असायला हवं. पाणी वाऱ्याविरुद्ध वाहत असेल तर ते सगळ्यांना रेषेपलीकडे, वाऱ्याच्या तोंडाकडे, ढकलतं. मग जनरल रिकॉल होतात, म्हणजे सगळ्यांना परत बोलावून स्टार्ट पुन्हा, आणि पाठोपाठ काळा झेंडा येतो. पाणी वाऱ्यासोबत वाहत असेल तर अख्खा ताफा रेषेखाली लोंबकळत राहतो, मधल्या होड्या तर आणखीच खाली, आणि धीट पोरीला तिथे चक्क मोकळी जागा मिळते. हे अंदाजाने ठरवू नकोस. पहिल्या झेंड्याच्या बरंच आधी पाण्याची अर्धी भरलेली बाटली नांगरलेल्या मार्कपाशी (शर्यतीची खूण असलेल्या बोयापाशी) सोड आणि एक मिनिट बघ ती कुठे जाते. (नंतर उचलून घे, समुद्र आपल्या घरचाच आहे.) अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी भरती-ओहोटीला, तीच बाटली किती वेगळी वाहते, हे आपल्या बंदरात वहीत लिहून ठेव. जिथे भरती-ओहोटी नावापुरतीच, अशा पाण्यात वाढलेल्या मुलींना ही समज नव्याने कमवावी लागते.

नियम ४२, म्हणजे अंगाच्या हालचालीने होडी ढकलायची नाही हा नियम, मोडायची तुझी सवय मला आवडत नाही. हलक्या वाऱ्यात तू अंग झुलवून होडी पुढे काढतेस. इथे क्लबात कोणी बोलत नाही, पण मोठ्या स्पर्धेत जज तुझ्या मागेच मोटरबोट घेऊन असतात. पहिल्या पिवळ्या झेंड्याला शिक्षा म्हणून होडीच्या दोन गिरक्या, दुसऱ्याला ती शर्यत सोडायची. झेंडा दिसला की वाद घालायचा नाही, लगेच बाजूला होऊन गिरक्या घ्यायच्या. दुसऱ्या होडीशी चूक झाली तरी दोनच, मार्कला घासलीस तर एक. गिरक्यांत दोन-तीन होड्या पुढे जातील, जाऊ देत. संध्याकाळी प्रोटेस्टच्या, म्हणजे तक्रारीच्या सुनावणीच्या, खोलीत हरलीस तर शर्यतच जाते. त्या खोलीत मी टेबलाच्या पलीकडे बसत आलो आहे. तिथे जोरात बोलणारा क्वचितच जिंकतो. किनाऱ्याला लागताच कागदावर वारा, दोन्ही होड्या, अंतर, कोण कुठल्या टॅकवर होतं (वारा कुठल्या बाजूने घेत होतं) हे काढून ठेवणाऱ्याचं म्हणणं टिकतं. जे पाहिलं नाही ते ‘पाहिलं नाही’ असं सरळ सांग.

ऑलिंपिकला आयएलसीएच्या होड्या आयोजकच देतात. पुढे कधी तिथे पोचलीस तर तुझी लाडकी होडी इथेच राहील, म्हणून सवय आत्तापासून लाव. आठवड्यातून एकदा क्लबातली सगळ्यात कुरकुरणारी होडी घे. हायकिंगचा पट्टा (बाहेर झुकताना पाय अडकवायचा), दोऱ्या, सुकाणू, सगळं आपल्या मापाचं करून तासाभरात पाण्यात उतर. कुरकुर होडीने करायची, आपण नाही.

पावसाळ्याचं काय करायचं, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस आणि मला तोच मोठा वाटतो. जाकार्ताची २०१८ ची आशियाई स्पर्धा ऑगस्टमध्ये झाली, हांगझोऊची सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे शेवटची तयारी नेमकी त्या महिन्यांत, जेव्हा मुंबईचं बंदर लहान होड्यांसाठी बंदच असतं. जिममध्ये घाम गाळून हा खड्डा भरत नाही. हैदराबादला जा. हुसेन सागर लहान तलाव, चहूबाजूंनी इमारती, त्यामुळे वारा एका जागी ठरत नाही. आपल्याकडे दुपार चढते तसा पश्चिमेचा वारा शहाण्यासारखा वायव्येकडे सरकतो आणि आपण त्याच्या भरवशावर आळशी होतो. तिथे दर दोन मिनिटांनी निर्णय घ्यावा लागतो. मॉन्सून रेगाटा, म्हणजे पावसाळ्यातली शर्यतींची मालिका, तिथेच होते, तीही खेळ. कॉलेजच्या परीक्षेचं मी तुझ्या बाबांशी बोलतो.

घरात कोणी म्हणालं की मुंबईच्या पोरींनी कशाला या भानगडीत पडावं, तर सांग की १९८२ ची आशियाई स्पर्धा दिल्लीची, पण शिडाच्या शर्यती आपल्याच बंदरात झाल्या होत्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीत सुवर्ण इथेच जिंकलं होतं. ऑलिंपिकची गोष्ट अजून लांबची आहे, ते उगाच डोक्यात घेऊ नकोस. टोकियोला आपली नेत्रा कुमनन ४४ जणींत ३५ वी होती, पॅरिसच्या वेळी मार्सेयला ४३ मध्ये २१ वी. मधली तीन वर्षं तिने काय केलं ते आपण सवडीने बघू.

आता एक काम. गेल्या दोन मोसमांतल्या तुझ्या प्रत्येक रेगाटामधली सगळ्यात वाईट शर्यत काढ आणि तिच्यापुढे कारण लिही: स्टार्ट, चुकीची बाजू, पिवळा झेंडा, वारा पडला, की नुसता कंटाळा. ‘नशीब’ असं लिहिलेलं मी खोडून परत पाठवीन. यादी रविवारच्या आत दे, म्हणजे सोमवारी पाण्यात काय करायचं ते ठरवता येईल.

अनेक आशीर्वाद,
तुझे सर